बसल्याशिवाय जागा कळत नाही

अण्णा,

तुझा फोन अजून चालू आहे. तुला जाऊन अकरा दिवस झाले, आणि तो दिवसातून चार-पाचदा तरी वाजतो. वहिनीला तो वाजलेला सहन होत नाही. तिसऱ्या दिवशीच तिनं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वन्सं, तुमीच बघा काय ते." मी बघते म्हणजे वाजू देते. कधी उचलते.

परवा भोकरच्या एका गुरुजींचा आला. "अण्णा हायत का?" मी म्हटलं, "नाहीत." ते म्हणाले, "कवा येतील?" मी म्हटलं, "मी त्यांची धाकटी बहीण बोलते, काम काय होतं?" तर नेहमीचंच. नांदेडला विष्णुपुरीच्या बाजूला, कॉलेजच्या मागं एक प्लॉट बघितलाय, सोमवारी इसार द्यायचाय, आणि अण्णांना विचारल्याशिवाय एक रुपया हलवायचा नाही असं बायकोनं बजावलंय.

तू गेल्याचं मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. त्याऐवजी मी तुझं सगळं धडाधडा म्हणून दाखवलं, पाढे म्हणावेत तसं. तुझं सिमेंट-लोखंडाचं दुकान सोडून तू लोकांबरोबर जागा बघत हिंडायचास, एक पैसा दलाली न घेता, तेव्हा मी म्हणायचे की हा रिकामा उद्योग आहे. आणि मलाच सगळं पाठ निघालं.

मी म्हटलं, गुरुजी, पावसाळ्यात जागा बघू नका. पावसाळ्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. वैशाखात बघा. सकाळी जा, जेवण बांधून न्या आणि दिवस मावळेपर्यंत तिथं खाली बसा. खुर्ची नको, पोतं टाका. ऊन कुठून येतं, वारं कुठून येतं, पाणी सांडलं तर कुठं वाहतं, रस्त्यानं कोण जातं, हे बसल्याशिवाय कळत नाही. दलालाला पाणी विचारू नका, डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला विचारा. कुणाच्या तरी घरी जाऊन पाणी मागून प्या. माती खणून बघा. काळी असली तर मुरूम लागेपर्यंत खाली जायची तयारी ठेवा, नाहीतर भिंती दर उन्हाळ्यात फाटतात. एनएचा म्हणजे बिगरशेतीचा कागद, मंजूर लेआउट आणि रस्ता, ही तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नकाशातला रस्ता चालून बघा. आणि सगळ्यात शेवटी शेजार बघा. घर पाडून बांधता येतं, शेजार बांधता येत नाही.

गुरुजी लिहून घेत होते. मधेच म्हणाले, "अन् त्या सह्याचं? आमच्या साडूला अण्णा कायतरी बोलले होते, बहिणीच्या सह्याचं."

मी म्हटलं, विकणाऱ्याला बहिणी किती ते विचारा. हक्कसोडीचा कागद दाखवला तरी त्यावर जाऊ नका. एकेका बहिणीच्या घरी जा, चहा घ्या, आणि सही राजीखुशीनं केली का ते तिच्या तोंडून ऐका. ज्या जागेवर बहीण रडलेली असते ती जागा...

पुढचं मला म्हणता आलं नाही. रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवला.

मला रडू येत नव्हतं, अण्णा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. जे आहे ते सांगते. नांदेडहून येताना गाडीत आलं नाही, तुला बघितल्यावर आलं नाही. आपल्यात नेतात तसं तुला बसवून नेलं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, मांडी घातलेली. स्वामी मंत्र म्हणत होते आणि मी खड्ड्याकडं बघत होते. वर हातभर काळी माती होती, खाली पिवळा मुरूम लागला होता. मला एवढंच वाटलं, चला, मुरूम लागला. तुला खाली बसवलं तेव्हा वाटलं की आता तू मूठभर माती उचलशील, थुंकी लावून मळशील आणि म्हणशील, "बरी हाय." जन्मभर दुसऱ्यांच्या जागेवर बसून बघितलंस, आणि स्वतःची जागा मात्र न बघता घेतलीस. हे मी मनातल्या मनात म्हटलं. मग मला त्याचीच लाज वाटली आणि मी तिथून बाजूला झाले.

बसायची ही रीत तुझी नव्हे, अप्पांची. आपल्या वडिलांचीच. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी नववीत होते. तुझं नुकतंच लग्न झालं होतं. उस्मानाबादला खेटे घालायची कटकट गेली म्हणून लोक पेढे वाटत होते, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी प्लॉट. उदगीरकडचे आपण भुसारवाले, पण अप्पांनाही वाटलं की जिल्ह्याच्या गावी एक जागा असावी. तीन जागा त्यांनी नापसंत केल्या. चौथीवर आपल्याला दोघांना घेऊन गेले. तेव्हा तिथं चौफेर ज्वारी होती आणि मधे एक बाभूळ. दिवसभर बाभळीखाली बसवलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मी कंटाळून विचारलं, "अप्पा, आपण काय बघायलाव?" ते म्हणाले, "बसल्याबिगर जागा कळत न्हाई, शैले. गप बस." दुपारी शेजारच्या हिरीचं पाणी मागवून प्याले. आपल्यालाही पाजलं. मग त्या शेजाऱ्याशी तासभर गप्पा मारल्या, तंबाखू खाल्ली, आणि संध्याकाळी इसार दिला.

अप्पा गेले. अव्वा त्यांच्या आधीच सवाष्ण गेली होती. त्या जागेला वारस म्हणून तुझं नाव लागलं आणि माझं लागलं. भूकंपानंतरच्या साली तू घर बांधायला काढलंस. बांधकाम परवान्यासाठी माझं संमतीपत्र घेऊन गेलास, बांधायला माझी हरकत नाही एवढंच त्यात होतं. हक्कसोड मागितलं नाहीस. मला वाटलं, मागेल. माझ्या बरोबरीच्या सगळ्या बायकांकडून भावांनी मागितलं होतं. कुणाला साडी नेसवून, कुणाला राखीच्या दिवशी. तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं, अण्णा. पेन घेऊन बसल्यासारखी मी कित्येक दिवाळ्या बसले होते. तू यायचास, लाडू खायचास, ह्यांच्याशी राजकारणावर वाद घालायचास आणि निघून जायचास. न मागणं हा मला हळूहळू अपमान वाटायला लागला. मला मोजतच नाही हा, असं वाटायचं. हे मी कधी बोलले नाही. पुढं बोलले ते भलत्याच वेळी, भलत्याच जागी.

रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो उन्हाळा. इथं तुझ्या गल्लीत नळ कधी यायचा ते देवाला ठाऊक, आणि तू मात्र खुशीत. "हे वर्ष वाया घालवू नका," असं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचास. "या साली जागा बघंल तो जन्मात फसायचा न्हाई. आत्ता जिथं पाणी हाय तिथं कायम हाय." लोक हंड्यांच्या रांगेत, आणि तू छत्री घेऊन लोकांच्या प्लॉटवर बसलेला. वहिनी चिडायची.

त्याच उन्हाळ्यात मी किनवटला प्लॉट घेतला. तुला न सांगता. आश्रमशाळेत माझी तिथं बारा वर्षं गेली होती, जंगल आवडायचं, माणसं ओळखीची होती. आणि किनवट जिल्हा होणार अशी हवा उठली होती. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. एक जण रंगीत नकाशा घेऊन यायचा, त्यात गुलाबी रंगात लिहिलेलं, नियोजित जिल्हाधिकारी कार्यालय. आमचा लेआउट त्याच्या बरोबर समोर. पाच शिक्षकांनी मिळून पाच प्लॉट घेतले. मी पीएफमधून उचल केली. ह्यांनी विचारलं, "अण्णांना दाखवायचा का?" मी म्हटलं, काही गरज नाही, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

तुला ते महिनाभरानं कळलं, ह्यांच्याकडूनच. तू लातूरहून नांदेडला आलास, मला घेतलंस आणि आपण गाडीनं किनवटला गेलो. तुझ्या हातात ती काळी छत्री, पिशवीत पोतं. प्लॉटवर पोचून तू पोतं अंथरलंस आणि बसलास. मला म्हणालास, "बस." मी बसले नाही. मी उभी राहून तुला सांगत होते, हा नियोजित रस्ता, ही नियोजित बाग, इथं कचेरी. तू त्या दिशेला बघितलंस. तिथं दोन म्हशी होत्या.

"कलेक्टर कुठं बसतो म्हणलीस?"

"तिथं. होणार आहे."

"बाजारात तुरी," तू म्हणालास. म्हण तू पूर्ण केली नाहीस, माझी भीड म्हणून.

मग रस्त्यानं एक बाई हंडा घेऊन आली. तू तिला हाक मारलीस, "माय, पाणी कुठून आणायलीस?" तिनं हात केला तो टेकाडापलीकडं. "लई लांब हाय, दादा. हिकडं चार बोअर मारले, समदे कोरडे. फुफाटा निघाला निस्ता." ती गेली. तू माझ्याकडं बघून हसलास, आणि ते हसू मला झोंबलं. म्हणालास, "शैले, कलेक्टर आला तरी त्याला आंघोळीला पाणी लागंलच की."

तू चिडवायला म्हणाला होतास. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मीही हसले असते. पण पाच शिक्षकांत मीच सगळ्यांना तयार केलं होतं. मी म्हटलं, अप्पांनीसुद्धा जिल्हा झाला म्हणूनच जागा घेतली ना? ते शहाणे आणि मी वेडी?

"अप्पांनी जिल्ह्याकडं बघून न्हाई घेतली. हिरीकडं बघून घेतली. शेजारी बघून घेतली."

आणि मग मी ते बोलले. "त्या जागेवर माझं पण नाव आहे. गावभर सांगत हिंडतोस, बहिणीची सही बघा, बहिणीची सही बघा. स्वतःच्या बहिणीची सही कुठं आहे रे?"

तू उठलास, पोत्याची घडी केलीस, माती झटकलीस. छत्री मिटलीस, एवढं ऊन असताना. "गाडीची येळ झाली," म्हणालास. गाडीत तू खिडकीशी बसलास आणि नांदेडपर्यंत आपण भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. टरफलं तू रुमालात गोळा केलीस.

त्यानंतर आपण कधीच भांडलो नाही. ह्यांचं आजारपण झालं, हे गेले, तू पंधरा-पंधरा दिवस नांदेडला येऊन राहिलास. माझी बदली, तुझ्या महेशचं लग्न, मी रिटायर झाले, सगळं झालं. पण तो विषय तू काढला नाहीस आणि मीही काढला नाही. किनवट जिल्हा झाला नाही. बोअर मी मारला, तो कोरडा गेला, हे मी तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तू मात्र अधूनमधून म्हणायचास, "नांदेडला तिसऱ्या मजल्यावर एकली काय करायलीस? लातूरला ये." मी म्हणायचे, "लातूरला पाणी नाही." तू म्हणायचास, "बघून तरी जा एकदा." मी चहा घेऊन परत जायचे. मला वाटायचं, ये म्हणजे तुझ्या घरात ये. आश्रित म्हणून. कशाला यायचं?

आता महेश. पोरगा चांगला आहे, तुझ्यासारखाच हळू बोलतो. तुझ्या नवव्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आत्या, एक बिल्डर हाय, सगळी जागा मागतो. अर्ध्यात त्याची बिल्डिंग बसत नाही. आईला एकटीला इथं ठेवून मी पुण्याला कसा जाऊ? तिला तिकडं नेतो. तुमचं हक्कसोड लागंल. मंगळवारी रजिस्ट्री ऑफिसात जाऊन करून टाकू. तुमचं काय असंल ते मी बघतोच. रविवारपर्यंत सांगा, तुमी म्हणाल तसं." त्यानं शेवटी मागितलं, जे तू कधी मागितलं नाहीस. तेही नीट मागितलं. वहिनी दारात लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मला हो म्हणायला काहीच वाटलं नसतं. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. तरी मी म्हटलं, रविवारी सांगते.

शनिवारी भोकरच्या गुरुजींचा पुन्हा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, लई उपकार झाले. मी बहिणीच्या घरी गेलो. दोन तर मजेत हायत, सह्या केल्यात त्यांनी. थोरली म्हणली, मला कुणी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर दिली असती की, म्हणली. अन् कागदावर तिचा अंगठा हाय बघा. ती तर शाळा शिकलेली, सही करती!" मी ऐकत राहिले. ते म्हणाले, "अण्णांना तेवढं सांगा." मी म्हटलं, "गुरुजी, अण्णा नाहीत. ते वारले. नऊ-दहा दिवस झाले." ते म्हणाले, "आता मी कुणाला इचारू?" जसं काही त्यांचा अजून एक प्लॉट बाकी होता.

आज रविवार. सकाळी उजाडता उजाडता मी तुझी ती पिशवी शोधली, पोतं काढलं आणि मोकळ्या अर्ध्यात जाऊन बसले. घर तू पश्चिमेच्या अर्ध्यात बांधलंस आणि पूर्वेचा अर्धा इतकी वर्षं तसाच पडलाय. रस्त्यावरची जागा, दुकानं काढ म्हणून लोकांनी तुझ्या मागं टुमणं लावलं होतं. मला वाटायचं, सिमेंटच्या गाड्या लावायला ठेवली असेल. दुसरं फाटकही त्यासाठीच असेल. इतक्यांदा आले, तुझ्या ओट्यावर बसून या जागेकडं तोंड करून चहा प्याले. तिथं येऊन बसले कधीच नाही.

कशासाठी बसले ते मलाही नक्की सांगता येणार नाही. सही करायची तर बघून करावी, एवढंच. ऊन सकाळी पूर्वेकडून थेट येतं, पण दहानंतर तुझ्या घराची नव्हे, शेजारच्या कडुनिंबाची सावली पडते. वारं दक्षिणेचं. रस्त्यानं दूधवाला गेला, शिकवणीची पोरं गेली, एक बाई दळण घेऊन गेली आणि तिनं थांबून विचारलं, "अण्णाच्या बहीण का? लई वाईट झालं बघा." तिनं सांगितलं की रेल्वेच्या पाण्याच्या साली साऱ्या गल्लीनं इथूनच पाणी नेलं. मी म्हटलं, इथून कुठून? ती म्हणाली, "ह्याच बोअरचं की. घराकडचा आटला होता. ह्याला होतं. अण्णा पाळीनं भरू द्यायचे."

वहिनीनं चहा आणून दिला आणि परत गेली. दुपारी मी उठले. बोअरच्या मोटारीची खोली मागच्या भिंतीला आहे, कोपऱ्यात. तिकडं मी जन्मात गेले नव्हते. तुझाच नियम, मोटार चालू करून पहिलं पाणी बघायचं. छतावरून खाली येणारे पाइप मी तेव्हाच बघितले. तुझ्या घराच्या गच्चीवरचं सगळं पावसाचं पाणी इकडं वळवलेलं, मुरूम-वाळू भरलेल्या खड्ड्यात, या बोअरच्या कडेला. घर तुझं, आणि पाणी मुरतंय इकडं.

खोलीत लाकडी फळीवर दोन मीटर. एकाच्या खाली तुझ्या हातानं तैलरंगात लिहिलेलं, घर. दुसऱ्याच्या खाली, शैला. रंग जुना होता. 'ला'चा काना उडाला असावा, तेवढा एकदा नव्यानं गिरवलेला होता.

मी मोटार चालू केली. आधी तांबूस आलं, मग निवळ. ओंजळीनं प्याले. जरा जड आहे, पण गोड आहे.

वहिनी मागं येऊन उभी होती. मी म्हटलं, "वहिनी, हे कधीचं?" ती म्हणाली, "घर बांधलं तवापासूनचं. पाया आखतानाच दोरी धरून अर्धं केलं त्यांनी. दोन फाटकं, दोन बोअर. हे तुमचं हाय." मी म्हटलं, मला का सांगितलं नाही? तर म्हणाली, "मी लई डाव म्हणले, सांगा. आधी म्हणायचे, येती जाती, दिसंल तिला. किनवटहून आले त्या दिवशी म्हणले, आता सांगितलं तर तिच्या बोलण्याला उत्तर दिल्यावाणी हुईल. म्हणले, तिच्या जागेची सही तिच्याकडून कामून मागू? बसंल एक दिवस, तवा कळंल."

मला राग आला, अण्णा. अकरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आला तो रागच. तोंडी वाटणी म्हणजे पाण्यावरची रेघ, हे जगाला सांगणारा तू. नोंद केल्याशिवाय देवाचाही विश्वास धरू नका म्हणायचास. मग वाटणीपत्र का नाही केलंस? मीटरवर रंगानं लिहून काय होतं? महेशलासुद्धा सांगितलं नाहीस, तो बिचारा सगळी जागा एकच समजून बसला. मी अजून दोन दिवस न बसता सही केली असती तर ती जागा, बोअर, तुझं ते फाटक, सगळं बिल्डरच्या खाली गेलं असतं. नोंद करायची तर माझ्याशी बोलावं लागलं असतं, म्हणून नाही केलीस. आणि मी विचारायला कमीपणा मानला, म्हणून मला कळलं नाही. तुझ्यासारखा जाणता माणूस आणि माझ्यासारखी शिकलेली बाई, दोघांनी मिळून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या.

मग राग गेला आणि मी मोटारीच्या खोलीत खाली बसून रडले. वहिनी पाठीवरून हात फिरवत राहिली. तीही रडली. पाणी वाहून गेलं बरंच, मोटार बंद करायचं दोघींच्याही लक्षात नाही. तू ओरडला असतास.

संध्याकाळी महेशला सांगितलं. हक्कसोड नाही, वाटणीपत्र करू. मंगळवारीच करू, नोंदवून. तो म्हणाला, "अन् आई?" मी म्हटलं, ती तुझ्या समोर बसली आहे, तिलाच विचार. वहिनी म्हणाली, "मला पुण्याला करमत न्हाई रे. वन्सं येत असल्या तर मी इथंच ऱ्हाते." किनवटचा प्लॉट कुणी फुकापासरी मागितला तरी मी देऊन टाकणार. नांदेडचं घर सोडणार. इथं दोन खोल्या बांधेन, पत्र्याच्या चालतील. मुरूम किती खाली आहे ते खणून बघावं लागेल.

पुन्हा पोत्यावर येऊन बसले आहे. दिवस मावळतो आहे, म्हणजे तुझ्या हिशेबानं बसणं पूर्ण झालं. तुझे सगळे प्रश्न मी ओळीनं विचारून घेतले. ऊन चांगलं. वारं चांगलं. पाणी वर्षभराचं. रस्ता नकाशात आहे तसाच जमिनीवर आहे. जागेवर बहीण रडली, पण ते वेगळं रडणं होतं. एवढं सगळं उरकून तू म्हणायचास, आता शेवटचं, शेजारी कोण आहे ते सांग.

समोर तुझा ओटा आहे. तुझी खुर्ची वहिनीनं अजून आत नेलेली नाही.

जागा पसंत आहे, अण्णा. शेजार बघूनच घेतली असती. यायला मी उशीर केला.